नऊ प्रश्न, सत्तावीस गुण: नैराश्य असे मोजता येते का?

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील माणसांचा एक अर्ज भरून घेतात. खेड्यापाड्यांत त्याला 'सीबॅक फॉर्म' म्हणतात. त्यात तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, असे प्रश्न असतात, आणि अर्जाच्या शेवटच्या भागात विषय एकदम बदलतो. गेल्या दोन आठवड्यांत कोणतीही गोष्ट करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? आणि खिन्न, उदास, हताश वाटते का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण मिळतात आणि बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली, तर त्या व्यक्तीला आरोग्य केंद्रात पाठवायचे असते. शहरांतही मधुमेहाच्या किंवा प्रसूतीच्या दवाखान्यात, कधी मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये, याच धाटणीचे सात, नऊ किंवा दहा प्रश्न समोर येतात आणि शेवटी एक आकडा हाती पडतो. त्या आकड्याने काही जण घाबरतात, काही जण हसून सोडून देतात, आणि 'मन असे मोजता येते होय?' हा प्रश्न दोघांच्याही मनात राहतो.

### हे प्रश्न विचारायचे कशासाठी

प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे आजारी माणूस ज्या दाराशी सर्वांत आधी जातो ते दार: गावचे आरोग्य केंद्र, उपकेंद्र, गल्लीतला फॅमिली डॉक्टर. नैराश्याचे बहुसंख्य रुग्ण याच दाराशी येतात, पण 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत कुणी येत नाही. ते येतात ते डोके जड झाले, हातापायांची आग होते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अंगात ताकदच राहिली नाही, अशा तक्रारी घेऊन. आपल्या देशात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास वेळ देऊ शकतो, असे जागतिक पाहणीत दिसले आहे. तेवढ्या वेळात ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि पित्ताचे औषध लिहून होते. घरात काय चालले आहे, हे विचारायला सवड उरत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (या बारांत महाराष्ट्र नव्हता) पाहणीच्या वेळी नैराश्य असलेल्या प्रौढांचे प्रमाण २.७ टक्के आढळले, तर आयुष्यात केव्हा ना केव्हा ते अनुभवलेल्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून थोडे अधिक होते. नैराश्य आणि चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांत शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. हे पंच्याऐंशी जण डॉक्टरकडे कधी गेलेच नाहीत असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी अनेक जण डॉक्टरसमोर बसून, गोळ्या घेऊन, घरी परतलेले असतात. प्रश्नावली आणली गेली ती हे निसटणे कमी व्हावे म्हणून.

### यादी आली कुठून

नैराश्य मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत तशा मोजपट्ट्या तयार झाल्या, पण त्यांतली काही तज्ज्ञाने रुग्णाला तपासून भरायची होती, तर काही वीस-एकवीस कलमांची आणि वेळखाऊ. फॅमिली डॉक्टरच्या धबडग्यात त्या टिकण्यासारख्या नव्हत्या. रॉबर्ट स्पित्झर हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ, ज्यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या अधिकृत निकष-ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीचे नेतृत्व केले होते, त्यांनी जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांच्यासह सरळ त्या ग्रंथातली नैराश्याची नऊ लक्षणे उचलली आणि प्रत्येकाचा एक प्रश्न केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली 'पीएचक्यू-९' या नावाने जगभर पसरली. आशाताईंच्या अर्जातले दोन प्रश्न म्हणजे तिचेच पहिले दोन.

नऊ प्रश्न असे: कशातही रस न वाटणे, उदास किंवा हताश वाटणे, झोप न लागणे किंवा फार लागणे, थकवा, भूक कमी होणे किंवा अति खाणे, आपण कुचकामी आहोत, घरच्यांना खाली मान घालायला लावली असे वाटणे, वाचताना वा टीव्ही बघताना लक्ष न लागणे, हालचाल किंवा बोलणे इतरांच्या नजरेत भरेल इतके मंदावणे, अथवा उलट सतत अस्वस्थ येरझाऱ्या घालणे, आणि मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येणे. प्रत्येकाचे उत्तर गेल्या दोन आठवड्यांपुरते द्यायचे: मुळीच नाही असेल तर शून्य, काही दिवस असेल तर एक, निम्म्याहून अधिक दिवस असेल तर दोन, जवळजवळ रोज असेल तर तीन. कमाल बेरीज सत्तावीस. पाच, दहा, पंधरा आणि वीस या पायऱ्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशी नावे दिलेली आहेत. याखेरीज गुण नसलेला दहावा प्रश्न असतो: या त्रासामुळे काम करणे, घर सांभाळणे, माणसांशी जमवून घेणे किती अवघड झाले आहे? माझ्या मते हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी कागद वाचवण्यासाठी गाळला जातो.

### दहा गुण मिळाले म्हणजे नैराश्य आहे का?

नाही. या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले की निम्मा गोंधळ संपतो. राज्य लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेचा कट-ऑफ ओलांडला म्हणून कुणी तहसीलदार होत नाही. त्याला पुढच्या परीक्षेला बसू देतात, इतकाच त्याचा अर्थ. कट-ऑफ खाली आणला तर लायक उमेदवार बाहेर राहण्याची भीती घटते, पण पुढे बसणाऱ्यांची गर्दी वाढते. वर नेला तर गर्दी घटते आणि काही चांगले उमेदवार गळतात. पीएचक्यू-९ मध्ये दहा हा असाच कट-ऑफ आहे, आणि त्याच्या पुढची परीक्षा म्हणजे समोर बसून घेतलेली सविस्तर मुलाखत.

आता गणित पाहू. जगभरातल्या अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दहाचा कट-ऑफ लावला तर खरोखर नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८८ जण पकडले जातात, आणि नैराश्य नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना ही प्रश्नावली बरोबर वगळते. ऐकायला हे आकडे भक्कम वाटतात. पण एखाद्या दवाखान्यात हजार माणसांनी प्रश्नावली भरली आणि त्यांतल्या शंभर जणांना खरोखर नैराश्य आहे असे धरा. या शंभरांपैकी ८८ जणांचे गुण दहा किंवा अधिक येतील. उरलेल्या नऊशे जणांपैकी पंधरा टक्के, म्हणजे १३५ जणांचेही गुण दहा किंवा अधिक येतील, कारण त्यांना झोप नसेल, थकवा असेल, कुणाचे नुकतेच दुःख असेल. म्हणजे कट-ऑफ ओलांडणारे एकूण २२३, आणि त्यांत खरा आजार असलेले ८८, दहांतले चारच. दवाखान्याऐवजी आजाराचे प्रमाण अवघे तीन टक्के असलेल्या वस्तीत हीच प्रश्नावली घरोघर फिरवली, तर कट-ऑफ ओलांडणाऱ्या सातांपैकी जेमतेम एकाला नैराश्य असेल.

हा दोष प्रश्नावलीचा नसून कोणत्याही चाळणी तपासणीचा आहे, आणि तो ठाऊक असला की वर्तमानपत्रातले मथळेही वेगळ्या नजरेने वाचता येतात. २०२० मधल्या एका एकत्रित विश्लेषणात, त्याच लोकांमध्ये दहाच्या कट-ऑफने नैराश्याचे प्रमाण २४.६ टक्के दिसले आणि सखोल मुलाखतीने १२.१ टक्के, म्हणजे प्रश्नावलीचा आकडा मुलाखतीच्या दुप्पट. तेव्हा 'अमुक टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' अशी बातमी आली की तो आकडा प्रश्नावलीतून आला की मुलाखतीतून, हे आधी शोधावे. बातमीत ते बहुधा नसतेच.

### सारखेच बारा गुण, दोन वेगळी माणसे

बेरजेची आणखी एक अडचण आहे, आणि ती समजून घ्यायची तर प्रत्यक्ष भरलेले दोन कागद डोळ्यांसमोर आणावे लागतील. दोन्ही माणसे काल्पनिक आहेत, पण असे कागद कुठल्याही आरोग्य केंद्रात दिसू शकतात.

पहिला कागद बेचाळीस वर्षांच्या शेतमजूर बाईंचा. झोप तीन, थकवा तीन, भूक दोन, लक्ष न लागणे एक, हालचाल मंदावणे दोन, रस न वाटणे एक. उदासीला शून्य, अपराधीपणाला शून्य, मरणाच्या विचाराला शून्य. बेरीज बारा. दुसरा कागद सव्वीस वर्षांच्या, रोज वेळेवर कामावर जाणाऱ्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या तरुणाचा. रस न वाटणे तीन, उदासी तीन, आपण कुचकामी आहोत असे वाटणे तीन, लक्ष न लागणे दोन, मरणाचा विचार एक. झोप, भूक, थकवा आणि हालचाल यांना शून्य. बेरीज बाराच.

ज्या निकषांवरून ही यादी बेतली, ते बेरजेवर चालत नाहीत. नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे बहुतेक दिवस असली पाहिजेत आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक, म्हणजे रस हरपणे किंवा उदासी, असलेच पाहिजे. कागदावर 'निम्म्याहून अधिक दिवस' किंवा त्याहून जास्त असे उत्तर असेल तरच ते लक्षण धरायचे. अपवाद फक्त नवव्या प्रश्नाचा, तिथे 'काही दिवस' हे उत्तरही धरले जाते. या हिशेबाने तरुणाची पाच लक्षणे भरतात आणि त्यांत पहिली दोन्ही आहेत. बाईंची चारच भरतात, आणि पहिल्या दोहोंपैकी एकही त्यांत नाही. त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि रक्त तपासले, तर कदाचित हिमोग्लोबिन सातच्या घरात निघेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. त्यांतल्या अनेकींना थकवा, मंदपणा, भूक न लागणे हे रोजचेच. थायरॉइड कमी असला, साखर वाढलेली असली, क्षयरोग किंवा त्यावरचे उपचार चालू असले, बाळंतपण होऊन महिना झाला असला, तरी हेच प्रश्न गुण मिळवून देतात. म्हणून बेरीज बघून थांबणाऱ्या डॉक्टरपेक्षा कागदावरच्या नऊ ओळींवर नजर फिरवणारा डॉक्टर हवा. त्याला अर्धे मिनिट जास्त लागते.

याच्या उलट चूकही संभवते. बाईंना रक्तक्षय निघाला म्हणून नैराश्य नसेलच असे नाही; दोन्ही एकत्र असू शकते, आणि पुष्कळदा असते. लोहाच्या गोळ्या घेऊन दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढले तरी रस परतला नाही, तर तेव्हाचा दुसरा कागद पहिल्यापेक्षा जास्त बोलतो.

### लोक खरे सांगतात का?

काही जण सांगत नाहीत. सासू शेजारी बसलेली असताना सुनेने 'उदास वाटते' म्हणावे, ही अपेक्षा करणेच चूक. शिवाय 'निम्म्याहून अधिक दिवस' हा पर्याय शाळेत न गेलेल्या माणसालाच नव्हे, शिकलेल्यालाही पेचात टाकतो. चौदा दिवसांतले किती दिवस, असे विचारले की तो बोटांवर मोजू लागतो. कागद स्वतः भरण्यासाठी बनला असला तरी आपल्याकडे तो बहुधा वाचून दाखवावा लागतो, आणि वाचणाऱ्याच्या आवाजावर उत्तर अवलंबून राहते. वीस घरे उरली आहेत आणि ऊन चढले आहे, अशा वेळी 'उदासबिदास वाटत नाही ना?' असे विचारले की 'नाही' हेच उत्तर येणार. त्यात विचारणाऱ्याचा दोष काढण्याआधी त्याच्यावर किती अर्ज भरण्याचे ओझे आहे, हे पाहिले पाहिजे.

तरीही ठरलेले प्रश्न विचारण्याचा एक फायदा असा की ते सर्वांना विचारले जातात, आणि त्यामुळे 'मला वेडा समजून विचारले' असे कुणाला वाटत नाही. रक्तदाब सर्वांचाच घेतात, तसेच हे. गोव्यात पाच आरोग्य केंद्रांतल्या सुमारे सहाशे रुग्णांवर पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या पडताळून पाहणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या माणसाने स्थानिक भाषेत विचारलेल्या प्रश्नांनीही रुग्ण वेचता येतात, मात्र कट-ऑफ त्या त्या ठिकाणी पारखून ठरवावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले. अमेरिकेतल्या दवाखान्यांत ठरलेला दहाचा आकडा सावंतवाडीत किंवा सोलापुरात जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही.

### औषध कंपनीच्या पैशातून निघालेली यादी कशी मानायची?

हा आक्षेप रास्त आहे. पीएचक्यू-९ तयार करण्यासाठी फायझर या कंपनीने पैसा पुरवला, आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध त्याच काळात ही कंपनी विकत होती. जितके रुग्ण सापडतील तितकी विक्री, हा हिशेब कुणालाही सुचेल. नंतर यादी सर्वांना विनामूल्य वापरायला खुली झाली, भाषांतराला परवानगीचीही गरज उरली नाही, आणि कंपनीशी संबंध नसलेल्या असंख्य गटांनी ती पडताळली; वर दिलेला दुपटीचा आकडा अशाच पडताळणीतून आला आहे. तरी आक्षेपाचा गाभा उरतोच: कागदावर दहा गुण दिसले आणि डॉक्टरने लगेच गोळी लिहिली, तर सातत्याने चुका होतील.

इंग्लंडच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने २०२२ मधल्या सूचनांत सोळा गुणांखालच्या नैराश्याला 'कमी तीव्र' धरले आहे आणि रुग्णाची स्वतःची पसंती नसेल तर तिथे पहिला उपाय म्हणून गोळ्या सहसा देऊ नयेत, समुपदेशन आणि दिनक्रमावर आधारित उपचार आधी द्यावेत, असे म्हटले आहे. दुसरी एक खबरदारी तितकीच महत्त्वाची. या नऊ प्रश्नांत कधी अति उत्साह, झोपेशिवायही दणदणीत ताकद, उधळपट्टी, असे दिवस आले होते का, हे विचारलेलेच नाही. उदासी आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजारातही उदासीच्या काळात गुण भरघोस येतात, आणि अशा माणसाला नुसतीच नैराश्याची गोळी दिली तर तो उन्मादाकडे झुकू शकतो. तेव्हा गोळीआधी हा प्रश्न तोंडी विचारलाच पाहिजे, आणि घरच्या कुणाला तरी विचारला तर अधिक बरे, कारण उन्मादाचे दिवस त्या माणसाला स्वतःला पुष्कळदा चांगलेच वाटलेले असतात.

नुकतेच कुणी गेलेल्या घरातल्या माणसाचे काय? तेराव्याच्या आत कागद भरला तर जवळजवळ प्रत्येकाचेच गुण दहाच्या वर जातील. तो आजार नव्हे. पण महिने उलटले, माणूस अंथरुणावरून उठत नाही, स्वतःलाच दोष देत राहतो, तर 'दुःखच मोठे आहे' म्हणून दुर्लक्ष करणेही बरोबर नाही. ही सीमारेषा कुठलाही कागद आखून देत नाही.

### नववा प्रश्न विचारल्याने मनात नको ते येईल का?

ही भीती घरच्यांना असते, आशाताईंना असते आणि काही डॉक्टरांनाही असते. आजवरच्या संशोधनात मरणाच्या विचारांविषयी थेट विचारल्याने ते विचार वाढतात असे आढळलेले नाही. उलट पुष्कळांना कुणीतरी विचारले याचा आधार वाटतो. खरा धोका वेगळाच आहे: प्रश्न विचारायचा, उत्तरापुढे 'एक' लिहायचा आणि कागद फाइलीत लावायचा. तिथे शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी, त्याच बैठकीत, बाकीच्यांना बाहेर थांबवून पुढचे विचारले पाहिजे. नुसताच जीव नकोसा वाटतो की काही ठरवले आहे? आधी कधी तसा प्रयत्न झाला होता का? घरात फवारणीची औषधे कुठे ठेवतात, आणि ती काही दिवस कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याकडे देता येईल का? रात्री सोबत कोण असते? या प्रश्नांची उत्तरे बेरजेत धरली जात नाहीत, पण माणूस त्यांनी वाचतो. ज्यांना आत्ता, हे वाचतानाच, तसे विचार येत असतील त्यांनी १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा विनामूल्य क्रमांक लावावा. तो चोवीस तास चालू असतो.

### मग याचा उपयोग सिद्ध झाला आहे का?

इथे इंग्लंडचा अनुभव आणि गोव्याचा अनुभव शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. इंग्लंडात २००६ पासून नैराश्याचे निदान करताना अशी एखादी प्रश्नावली भरून घेणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना सरकारी योजनेतून वाढीव मोबदला मिळू लागला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक गमतीची गोष्ट निघाली. ज्यांच्याकडे पीएचक्यू-९ वापरली गेली त्यांपैकी ८३.५ टक्के रुग्ण उपचाराची गरज असलेल्या गटात पडले, दुसरी एक प्रश्नावली वापरलेल्यांपैकी ५५.६ टक्केच पडले, पण गोळ्या मिळण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे. म्हणजे डॉक्टर आकडा लिहीत होते आणि निर्णय मात्र बव्हंशी आपल्या अंदाजानेच घेत होते. त्याच वर्षीच्या मुलाखतींवरच्या अभ्यासात रुग्णांना प्रश्नावली आवडली, आपले म्हणणे गांभीर्याने घेतले जाते आहे असे त्यांना वाटले. डॉक्टर मात्र साशंक होते. २०१३ मध्ये हा मोबदला बंद झाला. उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा पीएचक्यू-९ भरून घेतल्याने रुग्ण लवकर बरे होतात का, हे पाहणारी मोठी चाचणीही तिथे झाली. बारा आठवड्यांनंतर नैराश्याच्या तीव्रतेत फरक दिसला नाही. आजही चाळणीच्या बाबतीत देशांचे एकमत नाही. अमेरिकेतला तज्ज्ञगट सर्व प्रौढांना हे प्रश्न विचारावेत म्हणतो. कॅनडातला तज्ज्ञगट २०१३ पासून सरसकट विचारण्याच्या विरोधात आहे.

गोव्यात चित्र निराळे होते, कारण तिथे प्रश्नावलीला पुढची वाट जोडलेली होती. 'संगत' या संस्थेशी निगडित विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी चोवीस दवाखान्यांत, बारा सरकारी आणि बारा खासगी, केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. बारा प्रश्नांच्या दुसऱ्याच एका प्रश्नावलीने रुग्ण निवडले, आणि निम्म्या दवाखान्यांत त्यांना प्रशिक्षण दिलेला स्थानिक समुपदेशक दिला, जो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशकाच्या गटातले ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, दुसऱ्या गटातले ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत असा फरक पडला नाही. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोव्यातल्याच दहा आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ वर चौदाहून अधिक गुण असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी निम्म्यांना सहा ते आठ बैठकी दिल्या गेल्या. त्यांत आवडीची आणि अर्थपूर्ण कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करायची, टाळत आलेल्या अडचणींना हात घालायचा, असा साधा कार्यक्रम होता. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचे गुण दहाच्या खाली आले, दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांचे. इथे कागदाने दोन कामे केली: कुणाला बैठकी द्यायच्या ते ठरवले, आणि त्यांचा उपयोग झाला का ते दाखवले.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेला 'विश्राम' प्रकल्पही याच वाटेने गेला. गावात बोलणे, ओळखणे, समुपदेशन करणे आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे नेणे, अशी साखळी तिथे उभी केली होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि पीएचक्यू-९ ने मोजलेले नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. हा १४.६ आणि राष्ट्रीय सर्वेक्षणातला २.७ यांची सरळ तुलना करू नये. प्रदेश वेगळा, आणि मोजण्याची रीतही वेगळी, एकीकडे प्रश्नावली आणि दुसरीकडे मुलाखत.

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे की ज्या केंद्रात समुपदेशक नाही, औषधांचा साठा अधूनमधून संपतो आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा भेटतो, तिथे घरोघर प्रश्न विचारण्याचे उद्दिष्ट वाढवत नेण्याआधी तो समुपदेशक नेमावा. गुण जास्त आलेल्या बाईला 'वर पाठवले आहे' असे सांगून तिथे कुणीच न भेटणे, हे न विचारण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी ती 'सगळे ठीक आहे' असेच सांगेल.

### कागद तुमच्या हाती आला तर

उत्तरे गेल्या दोन आठवड्यांचीच द्या. गेल्या वर्षीच्या वाईट दिवसांची नकोत, आणि 'आज जरा बरे आहे' म्हणून कमीही करू नका. शक्य असल्यास एकट्याने भरा किंवा विचारणाऱ्याला बाजूला बोलवा. गुण दहा किंवा अधिक आले तर घाबरून ॲपवर पुन्हा पुन्हा भरत बसण्याऐवजी डॉक्टरकडे जा आणि तीन गोष्टी स्वतःहून सांगा: चालू असलेली औषधे आणि जुने आजार, अलीकडे घरात काय घडले, आणि कधी अति उत्साहाचे दिवस आले होते का. रक्त आणि थायरॉइड तपासायला हवे का, हे विचारा. गुण कमी आले पण काम होत नाही, माणसे टाळावीशी वाटतात, असे असेल तरी जा. खरोखर नैराश्य असलेल्या शंभरांतले बारा जण या कागदातून निसटतात.

उपचार सुरू झाले, मग ते समुपदेशन असो वा गोळ्या, तर कागदाचा खरा उपयोग तिथून पुढे असतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि 'फरकच नाही' म्हणून पुष्कळ जण त्या दहाव्या दिवशी सोडतात. दोन-चार आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरला आणि बेरीज पाचने किंवा त्याहून अधिक घटली, तर तो फरक खरा मानला जातो. निम्म्यावर आली तर उपचार लागू पडत आहेत. पाचच्या खाली गेली तर लक्षणे ओसरली. घटत नसेल, तर गोळी किंवा तिचे प्रमाण बदलायचे, समुपदेशन जोडायचे की मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे, हा निर्णय घेण्याची वेळ आली आहे. त्यासाठी पहिल्या दिवशीचा कागद केसपेपरला जोडलेला असावा, वर तारीख असावी, आणि नुसती बेरीज न लिहिता नऊही ओळींचे गुण लिहिलेले असावेत.